बेटावरचं काट्यातलं बिऱ्हाड

रविवार, ११ जानेवारी १९८१

आणि वर थॉमस म्हणतो, "वयनी, तुम्हाला सांगायचंच राहिलं." राहिलं कसं? चर्चच्या पायरीवर उभं राहून अर्ध्या गावाला सांगायचं राहिलं नाही. स्वतःच्या बायकोला, आग्नेसला, सांगायचं राहिलं नाही. कोयता माझ्या घरातला, धार मी लावलेली, तो घेऊन माझंच बेट तोडायला निघाला, एवढंच तेवढं मला सांगायचं राहिलं. मला कळलं कोणाकडून तर प्रेमलाकडून. ती शेजारच्या वाडीतली, आमच्या धर्माची नाही, चर्चची पायरी चढत नाही, तरी तिला माझ्याआधी माहीत की थॉमस बेटावर कोंबड्यांची शेड घालणार.

बेट म्हणजे मोठं काही नाही. भातशेत संपलं की खाडीच्या अंगाला वाळूचा उंचवटा आहे. मोठ्या भरतीला चारी बाजूंनी पाणी चढतं म्हणून त्याला बेट म्हणतात. वर सगळा फड्या निवडुंग, माणसाच्या डोक्यावर गेलेला. पिकत काही नाही. सासऱ्यांनी दोघा मुलांना निम्मं निम्मं दिलं. निम्मं माझ्या नवऱ्याचं, निकोलसचं, तो बोटीवर. निम्मं धाकट्याचं, थॉमसचं.

मला त्या काट्यांचं प्रेम आहे असं कोणी समजू नये. उद्या सगळे जाळले तरी मी रडणार नाही. पण विचारायचं की नाही? निकोलस इथे नाही म्हणजे मीही नाही का?

इनेझबाईने प्रौढांच्या वर्गात सांगितलंय, रोज चार ओळी लिहा, बोलता तसं नको, शाळेच्या भाषेत लिहा. मी दुसरी शिकलेली. शाळेच्या भाषेत मला राग लिहिता येत नाही. जमलं तेवढं लिहिलं.

मंगळवार, १३ जानेवारी

कोयता आणायला बेटावर गेले. थॉमस नव्हता. खाडीकडची एक बाजू तोडून ठेवलीय, फडे वाळूत उलटेसुलटे पडलेत, त्यातून पाणी गळतंय. कोयता तिथेच टाकलेला, गंजायला.

एका फड्यात गवताचा गोळा अडकलेला होता, नारळाएवढा. उंदराचं घर असेल म्हणून मी काडीने फिरवला. बाजूला तोंड होतं. आत बोट घातलं तर अंडी. पांढरी, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. गार पडलेली. आत कोंबडीची पिसं अंथरलेली, आणि ती पिसं माझ्याच कोंबडीची, ती तांबडी तुरेवाली. एवढ्या लांब माझ्या कोंबडीचं पीस कोणी नेलं?

वर बघितलं तर शेजारच्या उभ्या निवडुंगात दोन पक्षी. चिमणीपेक्षा लहान. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग, पोट पांढरं, शेपटी काळी आणि टोकदार. चोच जाड, अंगाच्या मानाने फारच जाड. ओरडत नव्हते. नुसते बघत होते, एकमेकांना चिकटून.

संध्याकाळी थॉमसला कोयत्यावरून बोलले. तो म्हणाला, "आजपासून थांबवलंय. माणसं मिळत नाहीत." आळशी तो पहिल्यापासून आहे.

शनिवार, १७ जानेवारी

निकोलसचं कार्ड आलं. पक्ष्याचं चित्र. काळा पक्षी, निवडुंगाच्या पिवळ्या फुलात चोच खुपसून बसलेला. मी दारातच उभी राहिले. पोस्टमन म्हणाला, "बाय, सगळं बरं ना?" मी म्हटलं, तू जा.

मागे निकोलसचं अक्षर. बोट केळी भरायला लागलीय. इथली केळी आपल्यापेक्षा मोठी पण चव नाही. चित्रातला पक्षी इथून लांब समुद्रात बेटं आहेत तिथला. काट्यातच राहतो आणि निवडुंगच खातो. सरकारने ती बेटं राखून ठेवलीत, काडी मोडू देत नाहीत. तब्येत बरी आहे. थॉमस, आग्नेसला नमस्कार.

मला नमस्कार नाही. मला कार्डच आहे, ते चाललं.

पण हे काय आहे ते मला कळलं पाहिजे. तिथे बेट, इथे बेट. तिथे निवडुंग, इथे निवडुंग. तिथे काट्यातला पक्षी, इथेही. एकच जात असेल तर ती पृथ्वीच्या त्या टोकाला कशी गेली, की तिथून इथे आली? केळ्यांबरोबर?

सोमवार, १९ जानेवारी

कार्ड घेऊन बेटावर गेले. चित्र समोर धरलं. रंग जमत नाही. चोचही जमत नाही, त्याची लांब, यांची आखूड. पण बसण्याची ढब तीच.

शुक्रवार, २३ जानेवारी

जेवण झालं की जाते. डोक्यावर पदर, खाली गोणपाट. प्रेमला म्हणते, "कुठे, माहेरी?" मी म्हटलं, गवताला जाते. ती म्हणते, "रोज गवत आणायला जाते आणि रोज रिकामी येते, म्हैस काय कार्ड खाते?" तिला सगळं दिसतं.

आज बघितलं ते लिहिते. एक पक्षी सुकं गवत टोकाला धरून आणतो, स्वतःपेक्षा कितीतरी लांब, मागे शेपटासारखं तरंगतं. काट्याकाट्यांतून घुसतो आणि गवत कुठे अडकत नाही. मी साडी नेसून दोन पावलं टाकली तर तीन ठिकाणी अडकते. दुसरा आत बसून ओढून घेतो. मग तो बाहेर येतो, हा आत जातो. कोण बाई, कोण बुवा, काही कळत नाही, दोघे सारखेच दिसतात आणि दोघेही काम करतात. हे मात्र मी आधी कुठे बघितलेलं नाही.

सोमवार, २६ जानेवारी

निवडुंग खातात का ते बघायचं होतं. लाल बोंडं पिकलीत थोडी. चिमट्याने तोडली, दगडावर घासून काटे काढले, मधोमध चिरून घरट्याच्या खाली ठेवली. फुलं अजून नाहीत.

एक बोंड खाऊन तोंड रंगवून घेतलं मी स्वतःच. पक्षी आलेच नाहीत. मुंग्या आल्या. पक्षी खाली बांधावर उतरले आणि गवताचं बी टिपत बसले. एक काडी पायाखाली दाबायची आणि चोचीने वरपासून खालपर्यंत ओरबाडायची, जसं आपण शेवग्याचा पाला ओरबाडतो.

म्हणजे माझे पक्षी निवडुंग खात नाहीत. नुसते राहतात. मला वाईट वाटलं. का वाटावं ते माहीत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

वर्गात इनेझबाईला कार्ड दाखवलं. ती पोर आहे अजून, माझ्या लेकीच्या, डेल्फिनच्या वयाची, पण शिकलेली. म्हणाली, त्या बेटांबद्दल कॉलेजात होतं. एकेका बेटावर एकेका चोचीचा पक्षी. जिथे कठीण बी, तिथे जाड चोच. जिथे निवडुंगाचं फूल, तिथे लांब. खाण्याप्रमाणे पिढ्यानपिढ्या चोच बदलत गेली.

मी म्हटलं, "मग आमच्या पक्ष्याची जाड का ते कळलं. तो बी फोडतो."

ती म्हणाली, "हो मावशी, तो वेगळ्या घरातला. पण गोष्ट तीच."

वेगळ्या घरातला म्हणजे निकोलसच्या पक्ष्याचा नातेवाईक नाही. मी दोनदा विचारलं. नाहीच म्हणाली. बरं. नसेना का. पण कोणी सांगितलं नसतानाही दोघांनी काटाच शोधला ना?

घरी येताना प्रेमलाला सांगितलं. ती म्हणाली, "खाण्याप्रमाणे तोंड होतं? तरीच तुझं असं. मिरच्या कमी कर."

रविवार, ८ फेब्रुवारी

घरट्यात पिल्लं आहेत. दिसत नाहीत, ऐकू येतात. खसखस भाजताना येतो तसा आवाज.

आत काय चालतं ते मला दिसत नाही, हा सगळा काट्यांचा दोष. मी आज कोयत्याने समोरचे दोन-तीन फडे उडवले. घरट्याला हात लावला नाही. फक्त समोर खिडकी केली, म्हणजे गोणपाटावर बसून सरळ तोंड दिसेल. आता मस्त दिसतं. चार तोंडं तरी आहेत, आतून काळे ठिपके असलेली. आईबाप येतात तेव्हा सगळी माना वाकड्या करून मागतात.

निकोलसला पत्र घातलं, मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर, ते बोटीवर पाठवतात. त्या बेटावर जाऊन नीट बघ आणि लिही: तिथे घरटं गोल आहे का, दोघे मिळून बांधतात का, आत पिसं घालतात का.

बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रेमला आज बरोबर आली, म्हणाली बघू तरी तुझं माहेर. बांधावर पोहोचलो तर निवडुंगाच्या बुडातून भारद्वाज निघाला. लाल डोळा, तांबडे पंख, रुबाबात चालत गेला. प्रेमलाने चप्पल काढली आणि हात जोडले. म्हणाली, "बाय, तुझं काम झालं समज. हा दिसणं म्हणजे शुभ." मी म्हटलं, माझं कसलं काम? ती म्हणाली, काहीतरी असेलच.

मी खडा उचलला होता त्याला हाकलायला. तिने माझा हात धरला. तिचा मान ठेवून मी खडा टाकला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

घरटं फाटलेलं. आत काही नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मी काल रात्रभर विचार केला. भारद्वाज जड पक्षी. त्याला काट्यातून उडून जाता येत नाही, तो चालत, चढत जातो. इतके दिवस त्याला वाट नव्हती. वाट मी करून दिली. मला बघायला पाहिजे होतं म्हणून.

प्रेमलाला सांगितलं. ती मानायला तयार नाही. म्हणाली, "तो शुभ पक्षी. तो कशाला खाईल पिल्लं?"

"शुभ आहे म्हणून जेवत नाही का?"

तिने वालाची टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "मी तुझा हात धरायला नको होता." मी म्हटलं, कोयता तू नव्हता धरलास. मग दोघी तिच्या ओट्यावर वाल सोलत बसलो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

थॉमस दोरी घेऊन बेटावर आला. मी बसलेलीच होते. त्याने मोजायला सुरुवात केली, मग मला विचारलं, "वयनी, काय बघता हो इथे?"

मी म्हटलं, काटे.

"जेवलात?"

"जेवले."

तो माझ्यामागे उभा राहिला बराच वेळ. पक्षी फांदीवर होते, तेच दोघे, मी ओळखते, एकाचं शेपटीचं पीस वाकडं आहे. थॉमस म्हणाला, "हे एवढंसं?" मी म्हटलं, एवढंसंच. त्याने दोरी गुंडाळली.

जाताना सांगून गेला. कोंबड्यांच्या योजनेचा साहेब पावसाआधी जागा बघायला येणार. जागा उंच पाहिजे, पावसात पाणी चढता कामा नये. "आपल्या सगळ्या जमिनीत अशा जागा दोनच. बेट आणि तुमचं खळं. खळं काही तुम्ही द्यायच्या नाहीत," असं म्हणून हसला.

खळं मी का देईन? घराला लागून आहे, सासूबाईंनी चोपून चोपून दगडासारखं केलेलं. भात तिथे झोडतो, मिरची, सुकट तिथेच वाळवतो. माझ्या लग्नाचा मांडव तिथे पडला होता. डेल्फिन मुंबईला नर्सिंग शिकते, तिचा तिथेच पडेल.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

हे आता हद्दीच्या बाहेर गेलं. मी केलेल्या खिडकीत कोणीतरी काटे भरलेत. बाभळीच्या फांद्या, आडव्या, उभ्या, काथ्याने घट्ट बांधलेल्या. खालून बुडालाही. थॉमसचीच गाठ, मी ओळखते, म्हशीच्या दावणीला तो अशीच मारतो. मोजमाप झालं, आता कुंपण घालायला सुरुवात. माझ्या बाजूला. विचारलं नाही या वेळीही.

आग्नेसला जाऊन बोलले. ती म्हणाली, "ते काही बोलले नाहीत मला. हातभर काटे टोचून घेऊन आले, मी सुईने काढले." मी म्हटलं, देवाने बरोबर केलं.

ते काटे मी उपसून टाकणार होते. पण हात घातला नाही. भारद्वाज अजून फिरतो आहे.

गुरुवार, ५ मार्च

काल राखेचा बुधवार झाला. उपासाचे दिवस लागले, फादरनी सांगितलं एखादी आवडती गोष्ट सोडा. मी सुकट सोडली. प्रेमला म्हणते, "बेट सोडून दाखव." तिचं आमच्या उपासाशी काय घेणं?

पक्ष्यांनी पुन्हा बांधायला घेतलंय. जागा तीच, फक्त वर, जिथे फडे एकमेकांत घुसलेत. आणखी दोन-तीन पक्षी आलेत. निवडुंगावर कळ्या आल्यात.

शनिवार, १४ मार्च

आज उशिरापर्यंत थांबले आणि एक नवीन बघितलं. ऊन उतरलं की सगळे त्या एका घरट्यात जातात. एक, मग दुसरा, मग आणखी. एवढ्याशा गोळ्यात सहा तरी असतील. अंडी अजून नाहीत, पिल्लं नाहीत, थंडीही नाही आता. मग एकत्र कशाला झोपायचं? निवडुंग एवढा मोठा पडलाय.

आत गेल्यावर थोडा वेळ कुजबुज चालते, मग बंद.

घरी येऊन भाकरी केली. एकटीपुरती करायची म्हणजे पीठ नेहमी जास्त होतं, अजून अंदाज येत नाही. हा प्रश्न इनेझबाईला विचारायचा. पक्ष्यांचा.

मंगळवार, २४ मार्च

निकोलसचं पत्र आलं. लांब नाही.

तो त्या बेटावर गेलेलाच नाही. बोट बंदरातच होती. कार्ड बंदरावरच्या दुकानात मिळालं, निवडुंग बघून आपल्या बेटाची आठवण झाली म्हणून घेतलं. काडी मोडू देत नाहीत हे दुकानवाल्याने सांगितलेलं. घरटं गोल की लांब, त्याला माहीत नाही. मी असलं विचारतेय म्हणून हसू आलं म्हणतो. पुढची बोटही त्याने घेतली आहे, वर्ष तरी जाईल. जमिनीचं तुला वाटेल ते कर, थॉमस आहेच.

म्हणजे त्याने काहीच बघितलं नाही. मी रोज बघते.

कार्ड मी भिंतीवर लावलं होतं ते राहू दिलं. चित्र चांगलं आहे.

सोमवार, ३० मार्च

फुलं उघडलीत. पिवळी, कागदासारखी. माझे पक्षी त्यांच्याकडे बघतही नाहीत. मधमाश्या येतात. अंडी घातलीत बहुतेक, कारण एक जण कायम आत असतो. खिडकी बंद असल्यामुळे दिसत नाही. न दिसलं तरी चालेल असं मला आता वाटायला लागलंय, हे माझ्या स्वभावाला धरून नाही.

थॉमस वाटेत भेटला. म्हटलं, कधी तोडतोस? म्हणाला, "बघू. माणसं मिळत नाहीत." चंदनसारच्या नाक्यावर हवी तेवढी माणसं बसलेली असतात कामासाठी, हे मला माहीत नाही का. तीन महिने हा माणसं शोधतोय. साहेब यायचा असला की एका दिवसात सगळं उडवेल, असा त्याचा बेत. मला गाफील ठेवायचं.

शुक्रवार, ३ एप्रिल

खळ्यावर जाऊन उभी राहिले. कडेने चालले. शेड बसते. विजेचा खांबही जवळ आहे, बेटावर तर वीज न्यायलाच वर्ष गेलं असतं. पाणी विहिरीचं. साहेबाला आवडेल. वास येईल घरात, कोंबड्या पहाटेपासून बोंबलतील. मांडव अंगणात घालू, माणसं कमी बोलवू. डेल्फिन रागावेल.

सासूबाई असत्या तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. चोपलेलं खळं देऊन वाळू आणि काटे घेतले. प्रेमलाला सांगितलं तर ती काही चेष्टा करील म्हणून वाट बघत होते. तिने केली नाही. म्हणाली, "सारवायला मी येईन अंगण, मांडवाच्या वेळी."

रविवार, ५ एप्रिल

तोंडाने बोलले तर भांडण होतं. म्हणून थॉमसला लिहून देणार. इनेझबाईला दाखवणार नाही, ती शाळेची भाषा घालेल. इथे आधी कच्चं लिहिते.

थॉमस,

मी तुझी मोठी वयनी म्हणून लिहिते. माझं खळं तू घे, शेडसाठी, कायमचं. बेटातला तुझा निम्मा हिस्सा मला दे. अदलाबदल. तलाठ्याकडे दोघं जाऊ, तोंडी नको. निकोलसला मी कळवते, विचारत नाही, त्यानेच वाटेल ते कर म्हटलंय.

तुझा यात तोटा नाही. खळ्याला वीज आहे, पाणी आहे, गाडी दारापर्यंत येते. मला वेड लागलं असं आग्नेसला वाटलं तर वाटू दे. मी का करते ते विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही आणि मग मी चिडेन.

बेटावर आता अंडी आहेत. उत्तर येईपर्यंत कोयता, दोरी, साहेब, काही न्यायचं नाही. बाभळीचं जे बांधलंस ते आहे तिथे असू दे. हद्दीचं भांडण मी त्यावरून करणार नाही.

माणसं मिळत नाहीत, साहेब आला नाही, आग्नेसला विचारतो, यातलं काही मी ऐकणार नाही. पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण आहे. चर्चमधली मिस्सा सुटली की मी पायरीवर उभी राहीन, सगळ्या गावासमोर, जिथे तू बेटाचं सगळ्यांना सांगितलंस. तिथे येऊन मला एका शब्दात सांग. हो, नाहीतर नाही. "बघू" म्हणालास तर मी ते नाही समजेन.

क्लेमेंटीन